जुने लाकूड, नांदते घर

जुन्या पेठेतील एखाद्या वाड्याच्या पुनर्विकासाच्या करारावर सह्या होतात, जागा रिकामी करण्याची तारीख ठरते आणि घरातील मंडळी प्रथमच सामानाची यादी करायला बसतात. ओसरीवरचा पितळी कड्यांचा झोपाळा, माजघरातील फडताळ, माळ्यावरचा लोखंडी पट्ट्यांचा पेटारा, आजोबांची वेताची आरामखुर्ची, बाळंतिणीच्या खोलीतील पाळणा, देवघरातील चौरंग. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ज्या वस्तूंकडे कधी लक्ष गेले नव्हते, त्यांच्याविषयी आता आठ-दहा दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. नवी सदनिका दोन शयनगृहांची आहे. सगळे काही तेथे मावणार नाही. जुने सामान घेणारा दारात येऊन उभा राहतो, सगळ्याचा मिळून एक आकडा सांगतो आणि चार पिढ्यांचा संसार एका टेम्पोत भरला जातो.

असेच एक कुटुंब कल्पनेने समोर आणावे. थोरल्या मुलाचे मत असे, की जुन्या सामानाला वाळवी लागते, जागा अडते, तेव्हा सगळे विकून टाकावे. धाकट्याला एकही वस्तू सोडवत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातीने दूरध्वनीवर सांगून ठेवले आहे, "आजी, तो पेटारा मला हवा." आणि आजी एवढेच म्हणतात, "बाकीचे तुम्ही ठरवा रे. झोपाळा तेवढा राहू द्या." या चौघांपैकी कुणाचेच म्हणणे चुकीचे नाही. प्रश्न भावनेचा आहे, तसाच तो मापाचा, खर्चाचा, देखभालीचा आणि कायद्याचाही आहे. या सर्व बाजूंचा शांतपणे विचार झाला, तर जुनी वस्तू नव्या घरात अडगळ न होता नांदू शकते.

जमिनीपासून खुर्चीपर्यंत

आपल्याकडील पारंपरिक घरांत आजच्या अर्थाने फर्निचर फारसे नव्हतेच. बसण्यासाठी जाजम, लोड आणि तक्के, जेवायला पाट, पूजेला चौरंग, पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची, हिशेबासाठी जमिनीवर मांडी घालून लिहिण्याचे उतरते मेज, आणि मौल्यवान वस्त्रे, भांडी ठेवण्यासाठी पेटारे. भिंतीतच कोरलेले कोनाडे आणि फडताळे कपाटाचे काम करीत. घरातील जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलून बाजूला ठेवता येई. त्यामुळे दिवसाची बैठक रात्री निजण्याची खोली होई.

उंच पायांच्या खुर्च्या-मेजांचा सार्वत्रिक प्रसार एकोणिसाव्या शतकात वाढला. मुंबईत शिसवीच्या काळ्याभोर लाकडावर दाट कोरीव काम केलेल्या खुर्च्या, कोच आणि गोल मेजे घडू लागली. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. मौलमीनसारख्या बंदरांतून ब्रह्मदेशाचा साग जहाजांनी भारतात येऊ लागला. तमिळनाडूतील चेट्टिनाडच्या प्रशस्त वाड्यांचे खांब, दारे आणि फर्निचर या सागातून उभे राहिले. गोव्यातील मोठ्या घरांत पोर्तुगीज घडणीच्या आणि स्थानिक कारागिरांच्या हातच्या खुर्च्या, पलंग व देव्हारे तयार झाले. गुजरातेतील संखेड्याला खराद्यांनी कातलेल्या पायांवर लाखेचे रंग चढले.

मुंबईतील इराण्यांच्या उपाहारगृहांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या दिसत, त्यांचा मूळ पुरुष म्हणजे थोनेट यांच्या कंपनीने १८५९ साली बाजारात आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात ती उभी राही आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. युरोपातील ही खुर्ची सातासमुद्रांपार का पोहोचली, याचे उत्तर तिच्या या हिशेबी बांधणीत आहे.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना घरगुती वस्तूंचे मोल वेगळे सांगावयास नको. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, कोरीव दारे, भांडी, खेळणी अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या आणि त्या संग्रहाला आपल्या दिवंगत मुलाचे नाव दिले. राजवाड्यातील सिंहासनाइतकाच स्वयंपाकघरातील अडकित्ताही जतन करण्याजोगा असतो, ही दृष्टी त्या संग्रहाने महाराष्ट्राला दिली.

काय ठेवावे, काय सोडावे

संग्रहालय आणि घर यांत मात्र मोठा फरक आहे. संग्रहालयात वस्तू पाहायची असते. घरात ती वापरायची असते. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न 'ही किती जुनी?' असा नसून 'ही आमच्या घरात कोणते काम करील?' असा असावा. पेटाऱ्यात हिवाळ्याचे अंथरूण-पांघरूण राहू शकते. उतरते मेज भिंतीशी ठेवले तर मुलाच्या अभ्यासाला किंवा संगणकाला उपयोगी पडते. घडवंचीवर झाडांच्या कुंड्या शोभतात. ज्या वस्तूला नव्या घरात कोणतेच काम सापडत नाही, ती कितीही सुंदर असली तरी वर्षभरात पलंगाखाली जाते आणि तेथेच तिला कीड लागते.

दुसरा प्रश्न मापाचा. जुने कपाट मोठ्या दारांच्या, उंच छताच्या घरासाठी घडलेले असते. नव्या इमारतीचा जिना, उद्वाहनाचे दार, सदनिकेचे प्रवेशद्वार आणि ज्या भिंतीशी वस्तू ठेवायची ती भिंत अशी चार मापे आधी घ्यावीत. पुष्कळ जुनी कपाटे व पलंग खिळ्यांवाचून, खुंट्यांनी जोडलेले असतात. जाणता सुतार ते सुटे करून पुन्हा उभे करू शकतो. कुऱ्हाड किंवा करवत चालवण्यापूर्वी ही शक्यता पडताळावी.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. डगमगणारा पाय, उसवलेला वेत, तुटलेली बिजागरी हे दोष दुरुस्त होण्याजोगे असतात. परंतु मुख्य फळी आतून पोखरली गेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा नव्या वस्तूएवढा होतो. अशा वेळी सगळी वस्तू न ठेवता तिचा कोरीव भाग आरशाच्या चौकटीसाठी किंवा देव्हाऱ्याच्या दारासाठी जपणे हाही एक सन्मानाचा मार्ग आहे.

झोपाळ्याचे गणित याहून निराळे. वाड्यात तो सागवानी तुळईला टांगलेला असतो, नव्या इमारतीत काँक्रीटचे छत असते. तयार छताला भोके पाडून कडे बसवणे धोक्याचे ठरू शकते. त्यासाठी संरचना अभियंत्याचा सल्ला हवाच. इमारत बांधून व्हायची असेल, तर छत ओतण्यापूर्वीच योग्य जागी कडे बसवून घेण्याविषयी विकसकाशी लेखी बोलणे करता येते. घर रिकामे करतानाच हा विचार सुचला, तर पुढे झोपाळा चौकटीवर टांगावा लागत नाही. आजींची एकमेव मागणी पूर्ण करण्याची वेळ सह्या करण्याच्या दिवशीच असते, गृहप्रवेशाच्या दिवशी नव्हे.

बाजारात पाऊल ठेवताना

ज्यांना वारशाने काही लाभले नाही, परंतु जुन्या वस्तूंची ओढ आहे, अशांसाठी देशभर बाजारपेठा आहेत. मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीचे ओशिवरा, पुण्यात जुना बाजार, तमिळनाडूत कारैकुडी, केरळात कोचीतील मट्टनचेरी. कोलकात्यात रसेल स्ट्रीटवर १९४० साली स्थापन झालेल्या रसेल एक्स्चेंजच्या लिलावांनी अनेक बंगाली घरे सजवली आहेत. या बाजारांत खरोखर जुने, जुन्या लाकडातून नव्याने घडवलेले आणि केवळ जुने दिसावे म्हणून काळवंडलेले, असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे असतात. जुन्या लाकडाची नवी वस्तू घेण्यात गैर काही नाही; मात्र तिचे मोल जुन्या वस्तूच्या दराने देऊ नये.

पारख करण्यासाठी वस्तूची दर्शनी बाजू नव्हे, तर पाठ आणि पोट पाहावे. खण बाहेर काढून उलटा करावा. हाताने रंधलेल्या फळीवर बोटे फिरवली तर किंचित उंचसखलपणा जाणवतो. यंत्रावरची फळी एकसारखी सपाट असते. वर्तुळाकार यंत्रकरवतीच्या खुणा कमानीसारख्या उमटतात, हातकरवतीच्या सरळ आणि काहीशा अनियमित असतात. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या दिशेने आकसते, म्हणून खऱ्या जुन्या गोल मेजाचे दोन्ही बाजूंनी माप घेतले तर ते अगदी गोल भरत नाही. चौफुली खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आला. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हटल्या जाणाऱ्या कपाटाला तो मूळचाच असल्यासारखा दिसला, तर विक्रेत्याला अवश्य विचारावे. झीजही योग्य जागी हवी. खुर्चीचे हात जेथे तळवा टेकतो तेथे आणि खण जेथे घासतो तेथेच झिजतात. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलेली मेहनत.

लाकडाच्या जातीकडेही लक्ष द्यावे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून तो वाळवीला पुष्कळ दाद देत नाही. म्यानमारने २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली आहे आणि शिसवीच्या संपूर्ण वनस्पतिवंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. जुन्या लाकडाचा पुनर्वापर म्हणूनच केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. एक जुने कपाट वाचले, की एका झाडाचीही बचत होते.

कायद्याची चौकट

पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ साली संमत झाला आणि १९७६ पासून अमलात आला. या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या असलेल्या, कला, कारागिरी किंवा इतिहास यांची साक्ष देणाऱ्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतील नातीला हवा असलेला पेटारा पणजीच्या लग्नातला असेल आणि त्याला शंभर वर्षे झाली असतील, तर प्रेमाने दिलेली ती भेट विमानतळावर किंवा बंदरावर अडकू शकते. वस्तू तेवढी जुनी नसल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन मगच पाठवावी. अन्यथा पेटारा आजोळीच राहू द्यावा आणि नातीने सुटीत येऊन तो उघडावा, हे उत्तम.

हस्तिदंताचे जडावकाम असलेल्या वस्तूंबाबत अधिक सावधगिरी हवी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. वारशाने आलेल्या वस्तूसाठीही मालकीचा दाखला आवश्यक असतो. 'जुने आहे, चालते' या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. त्याचप्रमाणे कोरीव देवमूर्ती, मंदिराचे खांब किंवा दारे विकत घेताना ती कोठून आली याची लेखी माहिती आणि रीतसर पावती मागावी. एखाद्या गावाच्या देवळातून नाहीशी झालेली वस्तू आपल्या दिवाणखान्याची शोभा होऊ नये.

सहवासाचे नियम

जुनी वस्तू घरात आणण्यापूर्वी काही दिवस सज्जात किंवा व्हरांड्यात निराळी ठेवावी आणि तिच्याखाली पांढरा कागद अंथरावा. कागदावर ताजा बारीक भुगा पडला, तर लाकडात कीडा जिवंत आहे असे समजावे आणि उपचार झाल्याशिवाय ती आत घेऊ नये. घरात ठेवताना भिंतीपासून चार बोटे अंतर राखावे, म्हणजे पावसाळ्यात ओल चढत नाही आणि मागची बाजू झाडता येते. थेट ऊन आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत दोन्ही टाळावेत. एकाने रंग उडतो, दुसऱ्याने लाकूड तडकते. पावसाळ्यात खण फुगून अडकला तर तो रंध्याने तासू नये. हिवाळ्यात तोच खण सैल होईल. कडांवर मेणबत्ती घासली, तरी काम भागते.

सर्वाधिक नुकसान होते ते उत्साहाच्या भरात केलेल्या पॉलिशने. जुन्या फर्निचरवर बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने अनेक हात देऊन चढवलेले पॉलिश असते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. ते घासून काढून त्यावर आधुनिक रासायनिक लेप दिला, की वस्तू चकचकीत होते. परंतु शंभर वर्षांच्या हातांनी आलेली झळाळी आणि तिच्याबरोबर वस्तूचे बाजारमूल्यही जाते. मऊ कोरड्या कापडाने पुसणे आणि गरज पडेल तेव्हा त्याच जातीचे पॉलिश पुन्हा देणे पुरेसे असते. पितळी कड्या चिंचेने घासायच्या असतील, तर त्या शक्यतो सुट्या करून घासाव्यात. चिंचेचा आंबट रस लाकडात मुरू देऊ नये.

वेताची बैठक सैल झाली असेल, तर खुर्ची उलटी करून वेताची खालची बाजू गरम ओल्या फडक्याने भिजवावी आणि सावलीत वाळू द्यावी. वेत सुकताना ताणला जातो. तो तुटला असेल, तर वेत विणणारा कारागीर शोधावा. आपल्या देशात अनेक अंध कारागिरांनी या विणकामावर स्वाभिमानाने उपजीविका केली आहे. कित्येक सरकारी कार्यालयांतील आणि बँकांच्या जुन्या शाखांतील खुर्च्या अशाच डोळस बोटांनी विणलेल्या होत्या.

लहान मुलांच्या घरात दोन बाबी विसरू नयेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून रंगवलेला जुना पाळणा घरातच घासू नये आणि तान्ह्या बाळाला त्याचे कठडे चावू देऊ नयेत. पाळण्याच्या गजांतील अंतर आणि सांध्यांची मजबुती तपासल्याशिवाय बाळाला त्यात निजवू नये; बारशापुरता पाळणा हलवून एरवी त्यात खेळणी ठेवली तरी परंपरा राहते. उंच कपाटे भिंतीला पट्टीने जखडावीत. झुंबर किंवा हंडी दिव्यासाठी वापरायची असेल, तर जुनी तार पूर्ण बदलून घ्यावी.

हिशेबाची वही

जुने फर्निचर ही गुंतवणूक आहे काय, असा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात. ज्या मालमत्तेचे रोख रकमेत केव्हा व किती रूपांतर होईल हे सांगता येत नाही, तिच्यावर मुलांचे शिक्षण किंवा निवृत्तीनंतरचा निर्वाह अवलंबून ठेवू नये. हौसेसाठी वेगळी काढलेली रक्कमच येथे खर्च करावी आणि त्या रकमेत खरेदीबरोबर वाहतूक, कीडनियंत्रण व दुरुस्ती यांचाही समावेश करावा.

विम्याचाही विचार व्हावा. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत घरातील सामानाच्या संरक्षणाबरोबर चित्रे, कलावस्तू, पुरातन वस्तू यांच्यासाठी आधी ठरवलेल्या मूल्यावर आधारित ऐच्छिक संरक्षण घेता येते. एरवी जुन्या वस्तूचे मूल्य ठरवण्यावरूनच दाव्याच्या वेळी मतभेद होतात. विक्रीबाबत सांगायचे, तर घरगुती वापराचे फर्निचर सर्वसाधारणपणे व्यक्तिगत वस्तूंत मोडते. परंतु चित्रे, शिल्पे आणि कलाकृती यांना २००७ च्या वित्त कायद्याने त्या सवलतीतून वगळले आहे. मोठ्या रकमेचा व्यवहार असल्यास करसल्लागाराला आधी विचारावे.

याखेरीज प्रत्येक घरात एक साधी वही असावी. तीत प्रत्येक जुन्या वस्तूचे छायाचित्र, मापे, ती कुणाकडून आणि कोणत्या प्रसंगी आली, कधी दुरुस्त झाली आणि पुढे कुणाकडे जावी, याची नोंद करावी. वाटणीच्या वेळी भावंडांत कटुता येते ती बहुधा किमतीवरून नव्हे, तर 'आईने तो चौरंग मला देऊ केला होता' या आठवणीवरून. लिहून ठेवलेला शब्द अशा वेळी नाती राखतो. ज्यांच्या आठवणीत या वस्तूंच्या कथा आहेत, ती वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच ही वही भरून घ्यावी.

आता पुन्हा त्या कुटुंबाकडे वळावे. थोरल्याचे म्हणणे अर्धे पटले, तर पोखरलेले कपाट जाईल. धाकट्याचे अर्धे पटले, तर आरामखुर्ची नवा वेत लेऊन खिडकीशी बसेल. पेटारा पांघरुणे सांभाळत नातीची वाट पाहील. आणि दिवाणखान्याचे छत ओतण्याआधी कुणी वेळेवर बोलले असेल, तर त्या छताला चार कडी असतील. संध्याकाळी दिवे लागले, की आजी झोपाळ्यावर येऊन बसतील, पायाने हलकेच झोका देतील आणि पितळी कड्यांची ती ओळखीची कुरकुर सहाव्या मजल्यावर ऐकू येईल. तेल घालायला हवे, असे कुणीतरी म्हणेल. जुनी वस्तू नव्या घरात नांदू लागली, याची खूण हीच.